जिरोत जिंकले, आठ महिन्यांत बुडाले: एका शाकाहारी सायकल संघाची गोष्ट

घाटवेडा

परवा आमच्या सायकल ग्रुपवर नेहमीचा वाद पेटला. सहाशेच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची सहाशे किलोमीटरची सायकल-फेरी) कुणीतरी तुपातले पराठे नेणार म्हणाला, त्यावर लगेच दुसऱ्याचं फर्मान आलं, "अंडी-चिकनशिवाय खंबाटकी चढून दाखव." मी मध्ये एकच वाक्य टाकलं: एका अख्ख्या शाकाहारी व्यावसायिक संघाने जिरो दि'तालियाचा, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा, टप्पा जिंकलाय. कुणाचा विश्वास बसेना. ग्रुपवर लिहिलेलं दोन तासांत वाहून जातं, म्हणून इथे धागा काढतोय.

संघाचं नाव लिंडा मॅकार्टनी रेसिंग टीम. लिंडा म्हणजे छायाचित्रकार, बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीची बायको आणि कडवी शाकाहारी. १९९१ पासून तिच्या नावाने ब्रिटनमध्ये गोठवलेले शाकाहारी पदार्थ विकले जात होते, सॉसेज, 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) वगैरे. ज्युलियन क्लार्क नावाच्या गृहस्थांनी या ब्रँडकडे कल्पना नेली की तुमच्या नावाचा सायकल संघ काढू. अट एकच, जो कुणी या जर्सीत सायकल चालवेल त्याने मांस-मासे सोडायचे. जाहिरात म्हणून बघा, किती पक्की कल्पना आहे. शाकाहारी माणूस अशक्त असतो असं ज्या देशात घरोघरी मानतात, तिथे जगातल्या सर्वांत दमवणाऱ्या खेळात शाकाहारी उतरवायचे. बाकी काही सांगावंच लागत नाही.

१९९८ साली संघ रस्त्यावर आला आणि पहिला हंगाम सुरू होतोय तोच, १७ एप्रिलला, लिंडा कर्करोगाने गेली. नाव मात्र जर्सीवर राहिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये टूर द फ्रान्समध्ये फेस्टिना प्रकरण झालं. फेस्टिना नावाच्या संघाच्या गाडीत उत्तेजक औषधांचा साठा सापडला, पोलिसांच्या धाडी पडल्या, अख्खा खेळ बदनाम झाला. त्या वातावरणात भाजीपाल्यावर चालणारा संघ लोकांना आवडला नसता तरच नवल.

सुरुवातीला हा ब्रिटनमधल्या शर्यतींपुरता छोटा संघ होता. चढण सुरू झाली ती माणसं जमायला लागल्यावर. शॉन येट्स संघाचा संचालक झाला. हा माणूस १९९४ च्या टूरमध्ये एक दिवस पिवळी, म्हणजे एकूण आघाडीवर असलेल्याची, जर्सी घालून फिरला होता, त्यामुळे युरोपात त्याच्या शब्दाला वजन होतं. मॅट स्टीफन्स हा १९९८ चा ब्रिटिश विजेता होता. स्पेन्सर स्मिथ तर ट्रायथलॉनचा दोन वेळचा जगज्जेता. आणि मग पास्कल रिशार व मॅक्स शांड्री आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधली रोड रेस आठवते कुणाला? शेवटी तिघेच पुढे होते. स्वित्झर्लंडच्या रिशारला सुवर्ण, डेन्मार्कच्या सोरेनसनला रौप्य आणि इंग्लंडमध्ये जन्मून इटलीत वाढलेल्या शांड्रीला कांस्य. त्या तिघांतले दोघे आता एकाच शाकाहारी संघात! दोघेही कारकिर्दीच्या उतरणीवर होते हे खरं, पण नावं मोठी होती आणि आयोजकांना दारावर नावंच लागतात.

हे दाराचं प्रकरण महत्त्वाचं आहे. तेव्हा संघांचे तीन विभाग असत. वरच्या विभागातल्या बलाढ्य संघांना मोठ्या शर्यती जवळजवळ ठरलेल्या, दुसऱ्या विभागातल्यांना आयोजकांच्या निमंत्रणाची वाट बघावी लागे. २००० साली लिंडा मॅकार्टनी संघ दुसऱ्या विभागात होता आणि त्यांना जिरोचं निमंत्रण आलं. तीन आठवडे, अख्खा इटली, आल्प्ससकट. याआधी एकही ब्रिटिश संघ जिरोत उतरला नव्हता.

आता २० मे २०००. सातवा टप्पा, वास्तो ते तेरामो, एड्रियाटिकच्या किनाऱ्याने आणि मग आत. संघात डेव्हिड मॅकेंझी नावाचा एक ऑस्ट्रेलियन होता. स्टार वगैरे अजिबात नाही. टप्पा सुरू होऊन थोडेच किलोमीटर झाले असतील, तो घोळक्यातून सुटला. एकटा. सोबतीला कुणीच आलं नाही.

ज्यांनी कधी घोळक्यात सायकल चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्याच्या चाकाला चिकटून गेलात की वारा तो कापतो, तुमची ताकद पाव ते एक तृतीयांश वाचते, घोळक्याच्या पोटात असाल तर त्याहून जास्त. एकटा पळणारा सगळा वारा स्वतःच्या छातीवर घेतो. घोळक्याला हे माहीत असतं. एकूण वेळेत धोका नसलेला माणूस पळाला तर त्याला मुद्दाम जाऊ देतात, दमू देतात, आणि शेवटच्या तासाभरात स्प्रिंटरांचे संघ पुढे येऊन त्याला गिळतात. जुना हिशेब असा की दहा किलोमीटरला एक मिनिट कापता येतं. बहुतेक वेळा हा हिशेब क्रूरपणे बरोबर येतो. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये पकडलेला माणूस बघवत नाही.

त्या दिवशी हिशेब चुकला. मॅकेंझी एकशे साठहून अधिक किलोमीटर एकटा चालवत राहिला आणि तेरामोत एकटाच पोचला. म्हणजे समजा पुण्याहून मुंबई, तीही सगळा वेळ एकटं पुढे, आणि मागे इटलीचे सगळे व्यावसायिक तुम्हाला पकडायला निघालेले. छातीवर नाव लिंडा मॅकार्टनी. ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

जाहिरातीसाठी याहून मोठं काय हवं? पहिलाच जिरो, पहिलाच टप्पा-विजय, तोही कॅमेऱ्यासमोर तासन् तास एकट्याने. इथून पुढे संघ टूर द फ्रान्सची स्वप्नं बघायला लागला. २००१ साठी नवे खेळाडू घेतले. त्यात वीस वर्षांचा एक ट्रॅकवाला (बंदिस्त गोल धावपट्टीवर सायकल चालवणारा) पोरगा होता, सिडनी ऑलिंपिकमध्ये सांघिक परस्यूट या ट्रॅक शर्यतीचं कांस्य मिळवून आलेला. त्याचा हा पहिलाच व्यावसायिक रोड करार. नाव ब्रॅडली विगिन्स.

जानेवारी २००१ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात नव्या संघाचं अनावरण ठरलं. खेळाडू आले, पत्रकार आले, नवी जर्सी आली. आणि त्याच वेळी कळलं की संघाकडे पैसेच नाहीत. ज्या नव्या प्रायोजकांच्या भरवशावर हंगाम उभा केला होता त्यांचे पैसे यायचेच नव्हते. काहींचे आधीचेही पगार थकलेले. अनावरणाच्या दिवशीच संघ संपला.

मला यात सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट कुठली वाटते सांगू? तारीख. सायकल संघ पुढच्या वर्षाची माणसं शरद ऋतूतच पक्की करतात. जानेवारीत बाजारात उभ्या राहिलेल्या खेळाडूला कोण घेणार? सगळ्यांच्या याद्या भरलेल्या, बजेट संपलेली. ऑक्टोबरमध्ये हेच कळलं असतं तर निम्म्यांना कुठे ना कुठे जागा मिळाली असती.

हरल्यामुळे संघ बुडतो असं आपण धरून चालतो. हा जिंकून बुडाला. म्हणून मला वाटतं सायकल संघ म्हणजे भाडेकरू आहे. जर्सीवरचं नाव हेच त्याचं घर, आणि करार अकरा महिन्यांचा.

मिसळखाऊ

पहिला!! मस्त लिहिलंय, एका दमात वाचलं. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

बाकी "जिरो"त जाऊन इटालियनांची जिरवली म्हणायची.

आसावरी_

छान धागा. आहाराच्या बाजूने थोडं लिहिते, कारण ग्रुपवरचा तो वाद दर महिन्याला कुठे ना कुठे होतच असतो.

तीन आठवड्यांच्या शर्यतीत डोंगराच्या टप्प्याला सायकलस्वाराची पाच-सहा हजार कॅलरी जळते. हे इंधन प्रामुख्याने पिष्टमय पदार्थांतून येतं. सायकल संघांच्या टेबलावर सकाळी बघाल तर पास्ता, भात, ओट्स, ब्रेड, जॅम. सायकलवर बसल्यावर केळं, राइस केक, जेल, साखरेचं पाणी. यात मांस आहेच कुठे? प्रथिनं लागतात ती झीज भरून काढायला, रात्रीच्या जेवणात, आणि ती दूध, चीज, अंडी, डाळी, सोया यांतून भागतात. लोहाकडे आणि बी-१२ कडे लक्ष द्यावं लागतं, एवढंच. म्हणजे शाकाहारी असूनही मॅकेंझी जिंकला याचं आश्चर्य आपल्याला वाटतं, त्याच्या पायांना वाटलं नसणार. चढावर पाय मागतात ते ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर. ते भातातून आलं की बटाट्यातून, त्यांना काय त्याचं.

आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी खाऊन कात्रज चढणारे कमी आहेत का?

रानमांजर

खिचडी खाऊन कात्रज चढलोय. वर पोचल्यावर जी झोप आली!

बार्देशकार

हे सगळं ठीक आहे हो, पण तीन आठवडे चोरिस-पाव नाही, मासळी नाही? ट्रॉफी ठेवा तुम्हालाच. (हलके घ्या.)

गंभीर प्रश्न: सगळे खरंच शाकाहारी होते का? की घरात एक आणि हॉटेलात दुसरं?

घाटवेडा

@बार्देशकार, नियम तसा होता आणि संघाच्या टेबलावर मांस नसे. संघाच्या टेबलापासून उठल्यावर कोण कुठे काय खायचं याच्या गोष्टी नंतर बाहेर आल्याच. चोरून स्टेक खाणारेही होते असं सांगतात. आपल्याकडे श्रावण पाळणाऱ्यांत जेवढी विविधता असते तेवढी तिथेही असणार. काही मनापासून पाळणारे, काही आईच्या देखत पाळणारे.

@आसावरी_, पायांचं वाक्य ग्रुपवर चिकटवतोय, परवानगी गृहीत.

चक्रपाणी

लेख आवडला, पण एक भर. "एकही ब्रिटिश संघ जिरोत उतरला नव्हता" हे बरोबर, मात्र टूरमध्ये त्याआधी उतरला होता, आणि ती गोष्टही अशीच दुःखी आहे. १९८७ चा एएनसी-हाफर्ड्स. एएनसी ही कुरिअर कंपनी, हाफर्ड्स म्हणजे सायकल-मोटारींच्या सामानाची दुकानं. टोनी कॅपर नावाच्या मालकाने दोन-तीन वर्षांत संघ उभा करून थेट टूरमध्ये नेला. नऊ जण निघाले, चार पॅरिसला पोचले. पगार थकलेले, सामान तुटपुंजं, आणि टूर चालू असतानाच मालक साहेब शर्यत सोडून निघून गेले! खेळाडू आल्प्स चढतायत आणि ज्याने आणलं तो गायब. वर्षअखेर संघ संपला.

म्हणजे १९८७ आणि २००१, दोन्ही वेळा गाडी रुळावरून घसरली ती पैशावर. पायांचा दोष नव्हता. मला तर वाटतं ब्रिटिशांना पुढे जो स्काय संघ जमला तो या दोन फजित्यांतून शिकूनच.

त्या नऊ जणांतला एक शेन सटन, तो पुढे ब्रिटिश सायकलिंगचा आणि स्कायचा प्रशिक्षक झाला. वर्तुळ पूर्ण.

घाटवेडा

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). एएनसीवर खरं तर स्वतंत्र धागा हवा, तुम्हीच काढा.

शिकून म्हणाल तर माझ्या मते थोडं नशीबही. स्कायमागे एक मोठी दूरचित्रवाणी कंपनी होती, आणि ब्रिटिश सायकलिंगला लॉटरीच्या निधीतून ट्रॅकसाठी पैसे मिळत होते. विगिन्ससुद्धा संघ बुडाल्यावर तिकडेच परतला. ते छत्र नसतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी, २००२ ला, फ्रान्सेझ दे ज्यू या फ्रेंच संघाने त्याला घेतलं आणि २०१२ मध्ये तो टूर जिंकणारा पहिला ब्रिटिश झाला. त्या टूरमध्ये मागच्या गाडीत संचालक म्हणून कोण बसलं होतं? शॉन येट्स. ट्रफाल्गर चौकातल्या त्या दिवसानंतर अकरा वर्षांनी दोघं पुन्हा एकाच संघात, एक सायकलवर, एक गाडीत.

शेवंताबाई

मला सायकलमधलं काही कळत नाही, नवरा पहाटे पाचला उठून जातो तेवढंच ठाऊक. तरी पूर्ण वाचलं. एक बाळबोध प्रश्न: एवढी लाखो माणसं रस्त्यावर बघायला उभी असतात, तर मग पैसे नाहीत असं कसं होतं?

हिशेबनीस

शेवंताबाई, प्रश्न बाळबोध नाही, हाच मुख्य प्रश्न आहे. मी पेशाने सीए, खेळात ढ, पण या धंद्याचा ताळेबंद मला फार दिवस छळतोय.

लाखो माणसं उभी असतात ती सार्वजनिक रस्त्यावर. तिकीट नाही, मैदान नाही, दार नाही, म्हणून गल्ला नाही. दूरचित्रवाणीचे हक्क विकले जातात ते आयोजक विकतात. टूर, जिरो यांचे मालक वेगळे, आणि त्या पैशात संघांचा वाटा नसल्यातच जमा. खेळाडू दुसऱ्या संघाने नेला तर फुटबॉलसारखी मोठी हस्तांतरण रक्कमही सहसा येत नाही. मग संघाकडे विकायला उरतं काय? फक्त नाव. जर्सीवरची जागा. म्हणून इथे संघाला गावाचं नाव नसतं, कंपनीचं असतं. कंपनीत नवा विपणनप्रमुख आला आणि त्याला गोल्फ आवडला की तीस खेळाडू आणि तेवढेच मेकॅनिक, मालिशवाले, ड्रायव्हर रस्त्यावर.

आपल्याकडचं उलट उदाहरण आयपीएल. तिथे प्रसारणाचा पैसा मंडळाकडे जमतो आणि संघांत वाटला जातो, त्यामुळे तळाच्या संघालाही जमिनीवर उभं राहता येतं. तरी तिथेही संघ गेलेच. कोची टस्कर्स एकच हंगाम, २०११, खेळला आणि बँक हमी न दिल्यामुळे बाद झाला. आपले पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये गेले तेव्हाही भांडण बँक हमीचंच होतं. गंमत बघा, सायकलिंगमध्येही हाच उपाय योजलाय: नोंदणी करताना संघाने काही महिन्यांच्या पगाराएवढी बँक हमी ठेवायची, म्हणजे संघ बुडाला तर खेळाडूंना निदान तेवढं मिळावं. आजारावर औषध नाही, पण अंत्यविधीची सोय आहे.

शेवंताबाई

आत्ता कळलं. म्हणजे हे म्हणजे गणपतीच्या मंडपासारखं. गर्दी आपली, रस्ता सगळ्यांचा, आणि कमानीवर जो नाव लावेल त्याच्या जिवावर आरास.

मिसळखाऊ

शेवंताबाई, जिंकलंत. सीए साहेबांची फी वाचली.

टोरांटोकर

वाचतोय, छान चाललाय धागा. माझ्या गावचा संघ सांगतो. सर्वेलो ही सायकल कंपनी इथलीच, टोरांटोची, १९९५ ची. दोघा अभियंत्यांनी काढली, फिल व्हाइट आणि खेरार्ड फ्रूमेन. बरीच वर्षं ते डेन्मार्कच्या सीएससी संघाला सायकली देत होते आणि २००८ ची टूर कार्लोस सास्त्रेने त्यांच्याच सायकलवर जिंकली. मग त्यांनी विचार केला, दुसऱ्याला सायकली कशाला द्यायच्या, स्वतःच संघ काढू. नावही तसंच, सर्वेलो टेस्ट टीम. खेळाडूंनी शर्यतीत चालवायचं, काय तुटलं, काय खुपलं ते अभियंत्यांना सांगायचं.

पहिलंच वर्ष, २००९, काय गेलं म्हणता! जिरोत चार टप्पे, त्यातले दोन सास्त्रेचे, त्यातला एक व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर. टूरमध्ये थॉर हुशोव्हने हिरवी, म्हणजे गुणांत पहिल्याची, जर्सी नेली. हाइनरिक हाउसलर कोल्मारला धो धो पावसात एकटा आला आणि रेषेवर ओक्साबोक्शी रडला. त्याआधी मिलान-सान रेमोत तोच हाउसलर कॅव्हेंडिशकडून टायरभर अंतराने हरला होता. मी ती शर्यत पहाटे उठून बघितली होती, ओरडलो म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी जमीन ठोकली.

आणि २०१० संपता संपता संघ बंद. दोन वर्षं फक्त. प्रायोजक म्हणून स्वतः सायकल कंपनीच असली तरी एवढ्या मोठ्या संघाचा खर्च सायकली विकून निघत नाही. २०११ पासून सर्वेलो परत दुसऱ्याच्या, गार्मिनच्या, संघाला सायकली द्यायला लागली.

तेव्हा घाटवेडा, तुमच्या भाडेकरूच्या उपमेत एक दुरुस्ती. इथे तर घरमालक स्वतः राहायला आला होता, तरी परवडलं नाही.

घाटवेडा

वा, हे फार आवडलं. दुरुस्ती मान्य.

चक्रपाणी

याच माळेतला अजून एक मणी: आयर्लंडचा अॅक्वा ब्लू स्पोर्ट, २०१७-१८. रिक डेलनी या मालकाने म्हटलं, प्रायोजकांच्या दारात उभं राहायचंच नाही. त्याने सायकलच्या सामानाचं ऑनलाइन दुकान काढलं. दुकानाच्या नफ्यावर संघ चालणार, संघाच्या जाहिरातीवर दुकान चालणार. कागदावर काय सुंदर! पहिल्याच वर्षी व्हुएल्टाचं, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीचं, निमंत्रण. तिथे कुणीतरी रात्री त्यांची बसच पेटवून दिली. दुसऱ्या वर्षी पुढे, पायडलपाशी, दात्यांची एकच चकती असलेल्या सायकली घेतल्या, त्यावरून खेळाडू नाराज. ऑगस्ट २०१८ मध्ये, हंगामाच्या मध्येच, संघ बंद. भाडेकरू नाही, घरमालक नाही, सहकारी सोसायटी काढली तरी तेच.

आणि १९९५ चा ल ग्रुपमाँ विसरू नका. फ्रान्समधली साखळी-विक्रीवाली कंपनी. जगज्जेता ल्युक लब्लाँ त्यांच्याकडे. टूर सुरू व्हायला आठवडासुद्धा उरला नसताना संघ गुंडाळला. स्कॉटलंडचा महान चढवीर रॉबर्ट मिलर, आजची फिलिपा यॉर्क, त्या आठवड्यात ब्रिटिश विजेतेपद जिंकून ताजी जर्सी घेऊन बसलेला. ती जर्सी टूरमध्ये कधी दिसलीच नाही, कारकीर्द तिथेच थांबली.

रानमांजर

चक्रपाणी, तुम्ही एवढे बुडालेले संघ पाठ कसे ठेवता हो? मला माझ्या बुडालेल्या एसआयपीपण आठवत नाहीत.

दगडफोड्या

मी थोडा विरोधी सूर लावतो. सगळे खेळाडूंबद्दल हळहळतायत, पण ही प्रौढ माणसं होती. पगार थकलेला दिसत होता ना? प्रायोजकाचा करार बघायला मागायचा. विगिन्स वीस वर्षांचा होता, सोडा. पण रिशार, शांड्री यांनी दहा-दहा वर्षं युरोपात काढली होती. यांनाही वास आला नाही? मला तर वाटतं सगळ्यांना अंदाज होता आणि सगळे डोळे मिटून बसले, कारण टूरचं स्वप्न होतं.

ऋजुता_पाटील

दगडफोड्या, तुम्ही कधी बंद पडणाऱ्या ठिकाणी नोकरी केली नाहीये, हे स्पष्ट आहे.

मी केली. लहान कंपनी, नाव घेत नाही, आता ती नाहीच. तीन महिने पगार उशिरा येत होता. दर वेळी कारण खरं वाटायचं, आणि दर वेळी थोडे पैसे यायचे. पूर्ण थांबले असते तर आम्ही उठून गेलो असतो. थोडे यायचे म्हणून थांबलो. शिवाय त्याच महिन्यात ऑफिस नव्या जागेत हलवलं, मोठं, काचेचं. आम्ही म्हणालो, बुडणारा माणूस काचेचं ऑफिस घेईल का? ट्रफाल्गर चौकाचं वाचताना मला ते काचेचं दार आठवलं. तिथेही असंच असणार. पैसे नाहीत असं वाटायला लागलं की समोरून नवी जर्सी येते, नवी सायकल येते, नवा ऑलिंपिकवाला सहकारी येतो. शंका घ्यायची तरी कशावर?

आणि करार बघायला मागायचा म्हणता. कोणत्या तोंडाने? ज्याने तुम्हाला जिरोत नेलं त्यालाच विचारायचं, तू खोटं तर बोलत नाहीस ना?

दगडफोड्या

हं. हा मुद्दा मी धरला नव्हता. शब्द मागे घेतो. निम्मे.

आसावरी_

"थोडे यायचे म्हणून थांबलो." ऋजुता, हे फार नेमकं आहे.

नाना_गोखलेनगर

पोरांनो, जुना माणूस बोलतोय. मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला आम्ही खोपोलीला जायचो. बोरघाटात जो पहिला वर चढेल तो घाटाचा राजा. त्या वेळी चालवणारी पोरं कोण होती? कुणी दूध टाकणारं, कुणी गिरणीत, कुणी रेल्वेत. रेल्वे आणि सैन्यदलाचे सायकलपटू असत, त्यांना नोकरी होती म्हणून सायकल चालवता आली. तेव्हा आम्ही म्हणायचो, युरोपात बघा, तिथे सायकल चालवायचाच पगार मिळतो. हा धागा वाचून वाटतंय आमचा रेल्वेवाला जास्त सुखी होता. हरला तरी एक तारखेला पगार.

बाकी तो मॅकेंझी पुढे काय करतो आता?

घाटवेडा

नाना, दंडवत. खोपोलीच्या आठवणींवर तुम्ही सविस्तर लिहा, कितीतरी दिवस मागे लागलोय.

मॅकेंझी ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणीवर सायकलिंगचं समालोचन करू लागला. मॅट स्टीफन्सची वाट जरा वाकडी गेली. तो चेशर पोलिसात भरती झाला, नोकरी सांभाळून शर्यती मारत राहिला आणि पुढे तोही समालोचक झाला. शांड्री संघांच्या गाडीत जाऊन बसला, संचालक म्हणून. इन्यिगो क्वेस्ता नावाचा स्पॅनिश २००१ साठी आला होता, तो नंतर बरीच वर्षं टिकला, अगदी टोरांटोकरांच्या सर्वेलोतसुद्धा चालवून आला. एका माणसाच्या वाट्याला दोन बुडीत संघ!

टोरांटोकर

अरे हो, क्वेस्ता! त्याला शेवटच्या दिवशी कसं वाटलं असेल? "मला सवय आहे."

मिसळखाऊ

ते सॉसेज अजून मिळतात का पण? ब्रँड चालू आहे का?

घाटवेडा

चालू आहे. ब्रिटनमधल्या दुकानांत अजून मिळतात. संघ तीन हंगाम टिकला, सॉसेज तीस वर्षांवर.

बार्देशकार

एक शेवटचं. वर आसावरीताईंनी शाकाहाराच्या यादीत अंडी लिहिलीत. आमच्याकडे तरी अंडं शाकाहारी धरत नाहीत. मग संघ शाकाहारी कसा?

आसावरी_

ब्रिटिश व्याख्येत अंडी-दूध चालतं हो. मांस-मासे नाहीत म्हणजे व्हेजिटेरियन.

रानमांजर

अंडं शाकाहारीच. फलित नसतं.

नाना_गोखलेनगर

अंडं शाकाहारी म्हणणाऱ्याने आमच्या सौ. समोर येऊन बोलावं.

दगडफोड्या

नाना, मग केकचं काय?

संपादक

अंड्याची चर्चा कृपया आधीच्या धाग्यावर न्यावी, तिथे चारशे बारा प्रतिसाद झालेले आहेत. इथे फक्त सायकल.